लाईट घेणाऱ्याच्या ताटाला विटाळ नसतो

गेल्या रविवारी मामांकडे गेले, तर त्यांचं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं मांडलेलं. पाच वर्षांची नात उंबऱ्याशी थबकून मलाच बजावत होती, "आजोबांच्या जवळ जायचं नाही, किरणं लागतात." मामांच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता लाईट, म्हणजे रेडिएशन, चालू आहे; ३० पैकी १९ लाईट झाल्यात. आणि मामींच्या फोनवर तो मेसेज: 'रेडिएशनचं भयाण सत्य, डॉक्टर सांगणार नाहीत'. खाली पाच मुद्दे आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग.

आधी किरणांचंच बघू, कारण त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. मामांना बाहेरून, मशीनने लाईट देतात. बटण बंद झालं की किरण संपले. खोलीतला दिवा मालवला की भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसंच. ताट, कपडे, लाळ, कशातही काही उरत नाही. नातीला मांडीवर घ्यावं, गरोदर सुनेने शेजारी बसावं. हा गोंधळ कुठून आला असेल याचा अंदाज आहे. थायरॉईडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन पाजतात, तेव्हा काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात. ते औषध वेगळं, हे वेगळं.

'लाईट घेतलेला माणूस दोन वर्षं काढत नाही.' माझ्या बाबांनी घशाच्या कॅन्सरसाठी ३५ लाईट घेतल्या, त्याला ८ वर्षं झाली. एका बाबांवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण हा आजार उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. तेव्हा जे दगावतात त्यांतले बहुतेक कॅन्सरने दगावतात, आणि खापर फुटतं लाईटवर.

'लाळ कायमची आटते.' हे अर्धं खरं आहे. बाबा अजून पाण्याची बाटली घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, भाकरी आमटीत कुस्करून खातात, लग्नाच्या पंगतीत कोरडी जिलेबी बाजूला सारतात. पण किती आटते हे मशीनवर आणि आखणीवर ठरतं. कानाखालच्या लाळग्रंथी शक्यतो वाचवणारी आयएमआरटी नावाची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर तिची जुन्या पद्धतीशी तुलना केली, २०११ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त ती छापून आली. दोन वर्षांनंतर तोंड कोरडं पडण्याचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ८३ टक्क्यांना होता, नव्या पद्धतीत २९ टक्क्यांना. २९ म्हणजे शून्य नव्हे. पण 'सगळ्यांची कायमची' हेही नव्हे.

'जबडा कुजतो.' थोड्यांच्या बाबतीत होतं, आणि मेसेजवाल्याने इथे निदान कारण तरी सांगायचं होतं. लाईट लागलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग दात उपटल्यावर जखम भरत नाही. म्हणून किडके दात लाईटच्या आधी काढतात आणि जखम भरायला दोनेक आठवडे देतात. ही जोखीम पुढे वर्षानुवर्षं राहते. चौथ्या वर्षी बाबांची दाढ ठणकली. गल्लीतल्या दवाखान्यात पक्कड हातात घेतल्यावर आईला आठवलं आणि ती ओरडली, "यांनी लाईट घेतलीय!" दाढ न उपटता रूट कॅनल झालं. आम्हाला हे आधी कुणी धड सांगितलं नव्हतं. 'थोडा त्रास होईल' एवढ्यावर बोळवण झाली होती. असे मेसेज फोफावतात ते याच मोकळ्या जागेत.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. 'मध्ये चार-पाच दिवस लाईट बंद ठेवून काढा घ्या, शरीर सावरतं.' मामांनी हा मेसेज वाचून गुरुवार-शुक्रवार दांडी मारली! अहो, त्या सुट्टीत सावरतात त्या कॅन्सरच्या पेशीही. या भागाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला की दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता टक्का-दीड टक्क्याने घटते, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. तोंड सोलवटलंय, गिळवत नाही, हे खरंच आहे. त्यावर वेदनाशामक आहेत, नाकातून नळी आहे. सोमवारी मी स्वतः मामांना घेऊन गेले. बुडालेल्या लाईट कशा भरून काढायच्या ते डॉक्टर बघताहेत: कधी शनिवारी बोलावतात, कधी एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन देतात.

गंमत म्हणजे दोन खरे त्रास त्या मेसेजमध्ये नाहीतच. एक, तोंड आखडतं. त्यासाठी बाबा अजून रोज सकाळी आरशासमोर तीन बोटं उभी आत जातात का ते बघतात. दुसरा, मानेला लाईट लागली की थायरॉईड मंदावू शकतं. बाबा दिवसभर पेंगायचे, थंडी वाजायची, आम्ही म्हणायचो वय झालं. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी केल्यावर कळलं. आता रोज सकाळी एक गोळी, आणि संध्याकाळी कट्ट्यावर पुन्हा राजकारण.