अटकेपारचा फॉरवर्ड

भाचीने परवा रात्री फोन केला, मामा वक्तृत्व स्पर्धेचं भाषण ऐक ना म्हणाली, आणि पहिल्या मिनिटातच माझं डोकं सणकलं. फॅमिली ग्रुपवर फिरतोय तोच फॉरवर्ड जसाच्या तसा वहीत उतरवलेला. म्हणे अटकचा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला, राघोबादादांनी स्वतः जाऊन तिथे झेंडा लावला, मग कंदहार जिंकलं आणि तिथे 50 वर्षं आपलं राज्य होतं!

किल्ला अकबराचा, काम पूर्ण 1583 ला. महाराजांचा जन्म 1630 चा. वजाबाकी करा अन् गप्प बसा.

कंदहारचं मात्र नीट ऐका, कारण इथे खुद्द दादांचंच पत्र आहे, 4 मे 1758 चं, लाहोरहून थोरल्या भावाला, नानासाहेब पेशव्यांना लिहिलेलं. त्यात काय, तर अटकेच्या अलीकडे लाहोर, मुलतान, काश्मीर वगैरे सुभ्यांत बहुतेक अंमल बसला, राहिलाय तो बसवू, अफगाण बादशहा अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि त्याचा सरदार जहानखान लुटले जाऊन पेशावरला पोचले, आणि आता कंदहारपर्यंत अंमल बसवायचा विचार आहे. विचार आहे! जिंकलं कुठे लिहिलंय त्यात? आणि पत्र लाहोरचं आहे, पाठलागावर फौज गेली होती, दादा नाही.

50 वर्षांचं तर सोडाच. वर्षाला 75 लाखांच्या बोलीवर पंजाब तिथल्याच अदीना बेग या सरदाराच्या हवाली करून दादा मे महिन्यातच माघारी निघाले, वर मोहिमेचं कर्ज. अदीना बेग त्याच सप्टेंबरात वारला, 1759 च्या अखेरीला अब्दाली परत आला आणि पंजाब गेला. जेमतेम दीड वर्ष.

आता हे मान्य करतो की पुण्याची फौज सिंधूपर्यंत भिडली ही काही साधी गोष्ट नाही, ‘अटकेपार झेंडे’ हवेतून आलेलं नाही. पण नकाशा तरी बघा रे. किल्ला सिंधूच्या अलीकडच्या काठावर आहे, समोरून काबूल नदी येऊन मिळते, तट पार पाण्याकडे उतरत गेलेला. नदी ओलांडायच्या जागेवर नजर ठेवायलाच तर ती चौकी बसवली होती. म्हणजे किल्ल्यावर झेंडा लावला तरी तुम्ही अलीकडेच, ‘पार’ व्हायला नदी ओलांडावी लागते. आणि फॉरवर्डमधल्या फोटोत तर नदीच नाही!

भाचीने कंदहार खोडलं, 50 वर्षं खोडली. फोटो मात्र राहू दे म्हणाली, चार्ट पेपरवर चिकटवून झालाय.