कॉलरवर जाऊ नका, आधी लेबल वाचा
जुन्या फ्लॅक जॅकेटांवरचा (सैनिकांची संरक्षक जॅकेटं) लेख मस्तच, पण त्यात बिनकॉलरचं अमेरिकन जॅकेट म्हणजे कोरियन युद्धातलंच असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. एम-१९५२ए या मॉडेलला कॉलर नाहीच आणि ते व्हिएतनाममध्येही सर्रास वापरलं गेलं, एम-६९ ला मात्र उभी कॉलर आहे, म्हणून आधी आतलं लेबल बघा. त्यावर डीएसए-१००-६८-सी असा काँट्रॅक्ट नंबर असेल तर मधलं ६८ म्हणजे साल, आणि डीएसए (डिफेन्स सप्लाय एजन्सी, अमेरिकी सैन्याला सामान पुरवणारं खातं) हे खातंच १९६२ ला सुरू झालं, मग ते कोरियातलं असेल कसं? १९७७ पासून त्याचंच नाव डीएलए (डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी) झालं. जुन्या बाजारात कोणी लेबल उसवलेला पीस "ओरिजनल कोरिया" म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ पुढे चला, भाव कितीही पाडला तरी. आणि घेतलंत तर कृपा करून धुऊ नका, आतले नायलॉनचे थर व्हिनाइलच्या पाकिटात सीलबंद असतात, ते फाटलं की पाणी आत जातं आणि पुण्याच्या पावसाळ्यात वाळता वाळत नाही, बुरशीच धरते. हँगरला पण लटकवू नका, खांद्याची शिवण ओढली जाते, आडवं ठेवा. आणि हो, ही जॅकेटं बॉम्बच्या कपच्या अडवायला होती, रायफलची गोळी नाही, लेखात हे यायलाच हवं होतं.