दशमांश ग्रॉसवर की नेटवर?

आमच्या चर्चच्या तरुण संघात दर वर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच आणि हशा पिकतो. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, काढताना पीएफ कापायच्या आधीचा पगार धरायचा की हातात पडतो तो? मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. विचारणाऱ्याने निदान द्यायचं तरी ठरवलंय! मला चीड येते ती वेगळ्याच मंडळींची.

हल्ली यूट्यूबवर मराठीतूनही असे उपदेशक बोकाळलेत, की बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडायचा आणि थेट दहाव्या वचनावर उडी मारायची. दशमांश भांडारात आणा, मग बघा आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही. खाली क्यूआर कोड. हजार 'पेरा', देव दहा हजार देईल. अहो, मग सरळ भिशी म्हणा ना, विश्वासाचं नाव कशाला घेता? परत मिळायची हमी असेल तर कुणीही देईल.

त्याच अध्यायातलं पाचवं वचन मात्र यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-अनाथांना गांजणारे, परक्याचा हक्क मारणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो. म्हणजे घरकामाच्या मावशींचे खाडे कापायचे आणि रविवारी पाकीट जाड करायचं, हे मलाखीला चालत नाही.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 14 वा अध्याय तर सगळ्यांनी एकदा सावकाश वाचावा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातले लोक), परका, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. एरवीच्या वर्षी पवित्रस्थान लांब पडत असेल तर माल विकायचा, पैसे गाठीला बांधून तिथं जायचं, मनाला येईल ते विकत घ्यायचं आणि घरच्यांसोबत देवापुढे आनंदाने जेवायचं. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बायबल अभ्यासातले एक काका चांगलेच गडबडले. आणि हो, 'गणना' या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायाप्रमाणे लेव्यांनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यावा लागे. पाळकसाहेब, तुम्हीही सुटला नाहीत!

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात दहा टक्के वगैरे काही सांगितलेलं नाही. मनात ठरवलं तसं द्या, कुढत किंवा बळजबरीने नको, एवढंच. म्हणून दशमांश हा ख्रिस्ती माणसावरचा कर आहे असं मी मानत नाही. तरी देते. पगार जमा झाला की ईएमआय, किराणा, ट्यूशनची फी या सगळ्याआधी तेवढी रक्कम बाजूला काढते. महिन्याअखेरीला उरलं तर देणारा देवाला उरलंसुरलं देतो, आणि बहुतेकदा तेही उरत नाही. महिना निभेल की नाही हे कळायच्या आधी हात सैल सोडावा लागतो. माझ्या लेखी विश्वासाचा भाग तेवढाच, बाकी हिशेब.

ज्यांना पगारच नाही त्यांनी कशाचा दशमांश काढायचा? मिझोराममधल्या बायकांनी याचं उत्तर 1910 च्या सुमाराला शोधलं. भात शिजवायच्या आधी तांदळातून एक मूठ बाजूला काढायची आणि साठलेलं मंडळीला, म्हणजे चर्चला, द्यायचं. तिकडे त्याला 'बुहफाई थाम' म्हणतात, आजही चालतं आणि तो मंडळीच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. आमची आजी नगर जिल्ह्यातली. तिला मिझोराम नकाशावर दाखवता आलं नसतं, पण बाजरीचं पीठ मळायच्या आधी तीही एक मूठ गाडग्यात टाकायची. दुष्काळात मूठ लहान व्हायची, चुकायची नाही.

आता जे घेतात त्यांच्याविषयी. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, का, तर कुणाला बोट दाखवायला जागा नको. आमच्याकडे वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो तो चहा-सामोसे आले की, आणि तेही इतक्या भरभर की 'इतर खर्च' नावाची रक्कम ऐकून मान वर करेपर्यंत पुढचं पान आलेलं असतं. कुणी उठून विचारलंच तर 'भाऊ, विश्वासात कमी पडताय' असं ऐकवतात. यंदा मी विचारणार आहे. हिशेब सभेच्या आठ दिवस आधी देवळाच्या फळ्यावर लावा, विधवा आणि शिकणाऱ्या मुलांसाठी किती गेले ते वेगळ्या ओळीत लिहा. कोण कोण सोबत उभं राहणार, कमेंटमध्ये सांगा.