अमेरिकेतलं स्थळ आणि ‘काउंटी कोर्टात नाव टाका’ हा सल्ला

लग्नसराई जवळ आली की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा : ‘अमेरिकेतल्या मुलाची चौकशी घरबसल्या करा. तिथे सगळे रेकॉर्ड पब्लिक असतात. काउंटी कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाका. आधीचं लग्न, घटस्फोट, पोलीस केस, घर, सगळं फुकट दिसतं. काहीच आलं नाही तर मुलगा स्वच्छ. स्क्रीनशॉट जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून चालतो.’

मेसेजमागची काळजी रास्त आहे. फसलेल्या मुलींच्या हकिकती आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पण या सल्ल्यावर विसंबणारा बाप जास्तच गाफील राहतो.

मुळात ‘काउंटी कोर्टाची वेबसाइट’ अशी एक वस्तूच नाही. आपल्याकडे ई-कोर्टच्या पोर्टलवर देशभरातली जिल्हा न्यायालयं एकाच दारातून गाठता येतात, म्हणून तिकडेही तसंच असेल असं वाटतं. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या (साधारण आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत आणि कोर्टाची व्यवस्था प्रत्येक राज्याची निराळी. मेरीलँड, विस्कॉन्सिन या राज्यांत जवळपास सगळ्या राज्याचा शोध एका जागी आणि फुकट होतो. कॅलिफोर्नियात मात्र ५८ काउंट्यांची ५८ सुपीरियर कोर्टं, प्रत्येकाची साइट वेगळी, आणि लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी नुसतं नावावरून शोधायलाही पैसे पडतात. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाचा दावा काउंटीतल्या ‘सुप्रीम कोर्टा’त लागतो, तिथे ते खालचं कोर्ट आहे. देशभर चालणारी ‘पेसर’ नावाची सोय आहे खरी, पानाला दहा सेंट घेते, पण ती फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांची. घटस्फोट राज्यांच्या कोर्टात होतात, ते तिथे सापडायचे नाहीत.

म्हणजे नावाच्या आधी दोन गोष्टी हातात हव्यात : कुठली काउंटी आणि कुठली वर्षं. मुलाने एमएस टेक्सासला केलं, पहिली नोकरी न्यू जर्सीत, आता सिॲटल. हा झाला तीन राज्यांचा शोध. त्यात लग्न कुठेही लावता येतं. लास व्हेगासला तर रहिवासाची अट नाही आणि थांबावंही लागत नाही. त्या लग्नाची नोंद नेवाडातल्या क्लार्क काउंटीत होते, राहत्या गावी नाही.

आता ‘सगळं पब्लिक असतं’ हे. न्यूयॉर्कच्या कायद्याने घटस्फोटाच्या फाइलमधले कागद शंभर वर्षं बंद असतात. नवरा-बायको आणि त्यांचे वकील सोडले तर कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाला बघता येत नाहीत. कॅलिफोर्नियात फौजदारी आणि कौटुंबिक दाव्यांचे कागद घरबसल्या दिसत नाहीत. तारखांची जंत्री फार तर दिसेल. अर्ज, प्रतिज्ञापत्रं वाचायची तर कोर्टात जाऊन काउंटरवर उभं राहावं लागतं. त्याच राज्यात ‘कॉन्फिडेन्शियल मॅरेज लायसन्स’ मिळतं. एकत्र राहणाऱ्या जोडप्याने ते घेतलं की त्या लग्नाची नोंद तिऱ्हाइताला मिळतच नाही. मुलीच्या आईबापांना सगळ्यात आधी जे हवं असतं, म्हणजे मारहाणीवरून काढलेला संरक्षण आदेश, त्याबाबत तर पीडितेची ओळख उघड होईल असं काही इंटरनेटवर टाकायला केंद्रीय कायद्याचीच आडकाठी आहे. ती अट तिच्या भल्यासाठी आहे आणि योग्यच आहे. पण मग तुमच्या पडद्यावर काय उरतं?

म्हणून ‘काही आलं नाही, म्हणजे स्वच्छ’ हे पोकळ ठरतं. भरीस भर, पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली कायदा करून जुन्या किरकोळ शिक्षा आणि शिक्षेविना संपलेले खटले लोकांच्या नजरेआड आपोआप झाकायला सुरुवात केली. पाठोपाठ बऱ्याच राज्यांनी तीच वाट धरली.

उलट बाजूचा घोटाळा मला जास्त घातक वाटतो. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त वेगाने किंवा ८५ मैलांच्या वर गाडी पळवली तर ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ होतं. हा साधा दंड नव्हे, क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा, कायद्याने वर्षभराच्या कैदेपर्यंतचा. मोकळ्या रस्त्यावर पाय जड झालेल्या पोराचं नाव कोर्टाच्या साइटवर गुन्ह्यांच्या यादीत लागतं, आणि इकडे पुण्यात कुणीतरी ‘मुलावर क्रिमिनल केस आहे’ म्हणून स्थळ मोडतं. आरोप काय होता, पुढे शिक्षा झाली की केस काढून टाकली, हे शेवटच्या रकान्यात असतं. तिथपर्यंत कोण वाचतो?

आणि तो मुलगा तोच कशावरून? अमित जोशी, सचिन पाटील ही नावं अमेरिकेतही पैशाला पासरी. वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून लागतं, कधी गायब. पासपोर्टवर पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं, आणि ते पुढे कागदोपत्री चिकटतं. जन्मतारखेने गाळून घेऊ म्हणाल, तर कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये फौजदारी सूचीत जन्मतारखेवरून शोध देता येणार नाही, असा निकाल दिला आहे.

मग लोक वळतात ‘पीपल सर्च’ साइटकडे, म्हणजे नावावरून माणसाची माहिती गोळा करून दाखवणाऱ्या साइटकडे. त्यातल्याच ‘स्पोकियो’वरचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१६ साली त्यावर निकाल झाला. तक्रारदाराचं म्हणणं होतं की साइटने त्याला विवाहित, मुलंबाळं असलेला, नोकरीतला आणि सुखवस्तू दाखवलं, आणि यातलं काहीच खरं नव्हतं. अशा साइटवरून जावई पारखायचा?

स्क्रीनशॉट पुराव्यात चालतो, या वाक्याला तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये उत्तर देऊन ठेवलं आहे. तिरुपतीला लग्न झालेल्या नवऱ्याने मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट आणला आणि दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्येची फिर्याद लावली. तिथल्या निकालाच्या प्रतीवर डेप्युटी क्लार्कचा दाखला होता. तरीही अमेरिकेतल्या आपल्या सरकारी प्रतिनिधीचं प्रमाणन नाही म्हणून ती प्रत ग्राह्य धरली नाही. शिवाय तो घटस्फोटच मानला नाही : हिंदू विवाह कायद्यात नसलेलं कारण, आणि त्या कोर्टाला अधिकारक्षेत्रही नव्हतं. मोबाइलवरच्या चित्राची काय कथा!

रेकॉर्ड निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. ते सांगितलेलं पडताळायला उत्तम असतात, अंधारात जाळं टाकायला नाहीत. मुलाने कॅलिफोर्नियात घर घेतल्याचं सांगितलं असेल तर काउंटी रेकॉर्डरकडून, म्हणजे खरेदीखतं नोंदवणाऱ्या कचेरीतून, त्या खरेदीखताची प्रत मागवा. मालकाच्या नावापुढे त्याची वैवाहिक स्थिती लिहायची तिथे पद्धत आहे : ‘सिंगल मॅन’, ‘अनमॅरिड मॅन’, ‘मॅरिड मॅन ॲज हिज सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी’ (विवाहित, पण घर एकट्याच्या मालकीचं). प्रघात असा, की कधीच लग्न न झालेल्याला सिंगल लिहितात, घटस्फोटिताला अनमॅरिड. एवढ्यावरून निकाल लावू नका, पण विचारायचा प्रश्न मिळतो.

आणि ‘घटस्फोट झालाय’ असं त्याने स्वतःच सांगितलं असेल तर त्याच्याचकडून डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची, प्रमाणित प्रत मागा. कोर्टाच्या क्लार्ककडे थोडी फी भरली की पक्षकाराला ती मिळते. त्यात अवघडण्यासारखं काही नाही. लग्न भारतात झालेलं असेल तर ती प्रत इथल्या वकिलालाही दाखवा. कॅलिफोर्नियाची डिक्री असेल तर एफएल-१८० हा निकालाचा फॉर्म बघा. निकाल नोंदवल्याची तारीख वेगळी आणि वैवाहिक संबंध संपण्याची तारीख वेगळी असू शकते, कारण दाव्याची नोटीस बजावल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात. मुहूर्त काढायचा तो दुसऱ्या तारखेनंतरचा.