‘बोलणं काय कॉलेजात शिकायचं असतं?’ असं विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. करिष्मा जन्मजात असतो. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकीचं सगळं आवाज आणि देहबोली. जांभळी नाक्यावरचा भाजीवाला कुठल्या विद्यापीठात गेला होता? आणि लोकांवर छाप पाडायचं शास्त्र म्हणजे शेवटी गंडवायचंच शास्त्र. सबब, पोरांना संवाद आणि करिष्मा शिकवणाऱ्या कोर्सला घालून पैसे बुडवू नका. खाली हात जोडलेले, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसत असल्याने थोडं जवळूनही बघितलंय.

आधी ते जन्मजातचं. करिष्म्याची कल्पना समाजशास्त्रात आणली जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने. लोक कुणाचं का ऐकतात, याची त्याने तीन कारणं मांडली: परंपरा, कायदा आणि करिष्मा. यातला करिष्मा अनुयायी मानतात तोवरच टिकतो, नेत्याच्या हातून काही घडेनासं झालं की ओसरतो, असंही त्यानेच लिहून ठेवलंय. रक्तातून आलेली गोष्ट अशी ओसरेल कशी?

बरं, वेबर जुना झाला म्हणू. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातले जॉन अँटोनाकिस आणि सहकारी यांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. एमबीएच्या ४१ विद्यार्थ्यांचं भाषण चित्रित केलं, त्यांना काही ठरावीक युक्त्या शिकवल्या आणि सहा आठवड्यांनी तेच भाषण पुन्हा करायला लावलं. त्रयस्थ परीक्षकांनी नंतरच्या भाषणांना जास्त गुण दिले. ४१ म्हणजे काही फार नाहीत, हे मान्य. पण ‘शिकवून येतच नाही’ या दाव्याला तेवढे पुरतात.

आणि त्या युक्त्या कोणत्या? दृष्टान्त, किस्सा, विरोध दाखवणं, श्रोत्यांना प्रश्न टाकणं, तीन-तीनच्या यादीत बोलणं, समोरच्यांच्या मनातलं आधी आपण बोलून दाखवणं. त्यांच्या यादीत अशा बारा आहेत, आणि त्यातल्या नऊ शब्दांच्या आहेत. आवाज, चेहरा आणि हातवारे मिळून तीन.

म्हणजे ७ टक्क्यांचं काय? या आकड्याचा जन्म मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतला. त्यात भाषणबिषण काही नव्हतं. सुटा एखादा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, दुसऱ्या प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड? शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या संवादाला हे लावू नका, असं मेहराबियन स्वतः सांगत आले. ऐकतो कोण! व्यक्तिमत्त्व विकासाच्या दोन दिवसांच्या शिबिरांत पहिली स्लाइड अजून तीच असते.

नाहीतर संध्याकाळी ठाणे स्टेशनवर उभे राहा. लोकलचा फलाट बदलल्याची घोषणा होते. चेहरा नाही, हातवारे नाहीत, आवाज तर साफ सपाट. एका वाक्यावर अख्खा फलाट जिन्याकडे पळतो. ७ टक्क्यांत?

शब्द बदलले की काय होतं, ते नेरूळच्या एका मुलीच्या भाषणात ऐकलं. विषय कचऱ्याचा. सरावाच्या वेळी तिची सुरुवात होती, ‘ओला आणि सुका कचरा वेगळा करणे ही प्रत्येक सुजाण नागरिकाची जबाबदारी आहे.’ मागच्या बाकांवर मोबाइल निघाले. तिच्या शिक्षिकेने ते वाक्य काढायला लावलं. स्पर्धेत ती उभी राहिली, तोच बारीक आवाज, हात तसेच अंगाला चिकटलेले, आणि म्हणाली, ‘काल रात्री तुम्ही डब्यात टाकलेलं डायपर आज सकाळी एका माणसाने हाताने बाजूला काढलं. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे?’ सभागृह गप्प. पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही, वेळ संपल्याची घंटा होऊनही ती बोलत राहिली म्हणून. पण दुसऱ्या कुणाचं वाक्य मला आठवत नाही.

आता भाजीवाला. विद्यापीठात गेला नाही, पण शिकला नाही असं कोण म्हणतं? बापाच्या बाजूला पाटीवर बसून वर्षानुवर्षं बघितलं असतं त्याने. सकाळी ‘ताजी, ताजी’ची आरोळी, रात्री नऊनंतर ‘घ्या ताई, संपवायचीये’. गिऱ्हाईक आणि वेळ बघून बोलणं बदलतं. ही शिकाऊ उमेदवारीच झाली. आपल्याकडे लोकांना धरून ठेवणारं बोलणं रीतसर शिकवायची परंपराही आहे. जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली १९१७ मध्ये. अभंग घ्यायचा, निरूपण करायचं, दृष्टान्त कुठे द्यायचा, टाळकऱ्यांना चाल कधी द्यायची, हे मुलं तिथे वर्षानुवर्षं गिरवतात. कीर्तनकार घडवले जातात यात कुणाला वावगं वाटत नाही. कम्युनिकेशनचा विद्यार्थी तेवढा ‘जन्मजात’ हवा!

गंडवण्याचा आक्षेप अॅरिस्टॉटललाही ठाऊक होता. त्याचं उत्तर असं, की ताकद, आरोग्य, पैसा यांचाही गैरवापर होतोच. मला मात्र उलटी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की फसव्या युक्तिवादाचा सौम्य डोस आणि त्याचं खंडन आधीच दिलं तर पुढचा मोठा हल्ला माणूस परतवू शकतो. पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनमध्ये काय असतं? गणवेश, घाई आणि ‘कुणाला सांगू नका’. ज्याने हा विषय अभ्यासलाय तो हे तिन्ही धागे दुसऱ्याच मिनिटाला ओळखण्याची शक्यता जास्त.

राहिला पैशांचा मुद्दा. तिथे फॉरवर्ड अर्धं खरं आहे. ‘करिष्मा’ नावाची पदवी शोधत बसू नका. हा विषय पूर्वीच्या बी.एम.एम. आणि आताच्या बी.ए.एम.एम.सी. या माध्यमांच्या पदवीत, मानसशास्त्रात, राज्यशास्त्रात विखुरलेला सापडतो. आणि चकचकीत माहितीपत्रकावर भुलून फी भरली तर पैसे बुडतीलच. प्रवेशाच्या खिडकीवर दोनच गोष्टी विचारा. मुलांची भाषणं चित्रित करून त्यांना परत दाखवता का? आणि एकेकाला सत्रात किती वेळा उभं करता?