मामांचं रात्रीचं जेवण बंद करणारा मेसेज

दांडिया बाजारातल्या आमच्या मामींनी गेल्या आठवड्यात मामांचं रात्रीचं जेवण बंद केलं. मामांना हंटिंग्टन आहे, मेंदूचा आनुवंशिक आजार. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता: हंटिंग्टन म्हणजे कंपवातच, औषध नाही, एकभुक्त राहा, सकाळी दुधातून कवचबीजाचं चूर्ण घ्या, आहारतज्ज्ञ, स्पीच थेरपी, मानसोपचार हे सगळं बिल फुगवायला, मुलींना हा आजार होत नाही. खाली 'पुढे पाठवा, पुण्य लागेल'.

शेवटचं आधी उरकते. दोष चौथ्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, हे १९९३ सालीच सापडलं. मुलगा असो की मुलगी, शक्यता निम्मी. मामेबहीण मेसेज वाचून दोन दिवस आनंदात होती. तिला खरं मला सांगावं लागलं. त्याचं पुण्य कुणाच्या खात्यात?

कवचबीजात, म्हणजे खाजकुयलीच्या बियांत, लेव्होडोपा असतं, कबूल. त्याचं शरीरात डोपामिन बनतं, म्हणजे हालचाली सांभाळणारं मेंदूतलं रसायन. कंपवातात हे डोपामिन कमी पडतं, तिथे ते चालतं. मामांचे हातपाय मात्र आपोआप नाचतात. ते आवरायला दिलेली टेट्राबेनझिनची गोळी डोपामिन कमीच करते. म्हणजे सकाळी चूर्णाने भरायचं आणि दुपारी गोळीने उपसायचं! शिवाय या गोळीने नैराश्य वाढू शकतं, आणि या आजारात आत्महत्येचे विचार मुळातच जास्त. मानसोपचारवाले त्यासाठी असतात हो, बिलासाठी नाही.

आणि उपास? ज्याचं अंग जागेपणी क्षणभर स्वस्थ नसतं, त्याला उपास? या आजारात वजन झपाट्याने उतरतं, खाणं नेहमीपेक्षा जास्त लागतं. त्यात गिळणं बिघडतं; घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया, आणि कित्येक रुग्ण त्यानेच जातात. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, तूप-लोणी घालून द्यायला सांगितलंय. स्पीच थेरपीवालीने ताठ बसून, हनुवटी जरा खाली घेऊन गिळायला शिकवलंय. एकीने ताट भरायचं, दुसरीने ते नीट पोटात जाईल असं बघायचं. एकटे न्यूरोचे डॉक्टर हे कधी करणार?

आजार थांबवणारं औषध अजून नाही, एवढं मेसेजमधलं खरं. चार ठिकाणी चार फिया भरताना माझंही डोकं फिरतं.

काल रात्री मामांनी तूप घातलेली मऊ खिचडी खाल्ली, पाऊण तास लागला. चूर्णाचा डबा मामींनी अजून टाकलेला नाही. महाग होता म्हणे.