जिन्यातलं कपाट

आमच्या बिल्डिंगमध्ये मदत मागावी लागत नाही. ती आपोआप येते. बेल वाजवून येते, न वाजवता येते, रविवार असला तर गंजिफ्रॉकवर येते. "जड आहे का हो?" एवढंच विचारते आणि उत्तराची वाट न बघता एक कोपरा धरते.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्या आईचं गोदरेजचं कपाट गिरगावातून पार्ल्याला आलं. चाळ पुनर्विकासाला गेली होती. भाऊ म्हणाला, "माझ्याकडे सगळं भिंतीतलं आहे, जागा नाही." वहिनी म्हणाली, "भंगारवाला बरे पैसे देईल." मी म्हणाले, "खबरदार." अशा रीतीने ते माझ्याकडे आलं. गोदरेज ही कपाटं 1923 पासून बनवतंय आणि आमचं 1974 सालचं, आईच्या लग्नातलं. हुंडा घेणार नाही असं बैठकीत बाणेदारपणे सांगणारी माणसंही कपाटाचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायची, तो काळ. हिरवट राखाडी रंग, दारावर लांब आरसा, आत लॉकर. लॉकरमध्ये आईने दागिन्यांपेक्षा आमची प्रगतिपुस्तकंच जास्त जपली. उंची 78 इंच, रुंदी 36, खोली 19. ही मापं मला तेव्हा ठाऊक नव्हती. आता झोपेत विचारलीत तरी सांगेन.

आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन. सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. लिफ्ट का नाही, तर बिल्डिंग पाडायचीच आहे. पाडली का नाही, तर विमानतळ डोक्यावर. उंचीवर मर्यादा, त्यामुळे टॉवर बांधता येत नाही. बिल्डर येतात, गच्चीवर जातात, वरून जाणाऱ्या विमानाचं पोट बघतात, चहा पितात आणि पुन्हा फोन उचलत नाहीत. पण 'पाडायचीच आहे' हे सूत्र पक्कं असल्यामुळे आम्ही रंग काढत नाही, लाद्या बदलत नाही, जिन्यातला बल्ब गेला तरी दोन मीटिंगा घेतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. पायऱ्या सत्तावन्न.

टेम्पोबरोबर दोन हमाल आले होते. एक साताऱ्याकडचे वयस्कर मामा, दुसरा त्यांचा भाचा. मामांनी जिन्याकडे एक नजर टाकली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, कपाटाखालून पट्टा घेतला आणि दोघं पहिल्या मजल्यापर्यंत असे चढले की जणू आत थर्माकोल असावा. चाळीच्या लाकडी जिन्यावरून उतरवताना जेवढा आवाज झाला नव्हता तेवढाही झाला नाही. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर मामा थांबले. कपाट उभं केलं. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तेवडी ती..."

"थांबा, थांबा, थांबा!" वरून नाना आले.

नाना आमचे सेक्रेटरी. दुसऱ्या मजल्यावर राहतात. कुठलंही काम आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याला न विचारता, नीट पार पडतंय हे त्यांना बघवत नाही. "हे असं नाही जाणार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजाला पहिल्या मजल्यावरून अण्णा बाहेर आले. अण्णांचं आयुष्य युनियनमध्ये गेलं. त्यांनी आधी मामांना माथाडी बोर्डात नोंदणी आहे का ते विचारलं, मग 1969 चा माथाडी कायदा कसा झाला, अण्णासाहेब पाटलांनी हमालांना कसं एकत्र आणलं, हे सांगितलं. मामा कपाटाला खांदा लावून ऐकत होते. कायदा चांगलाच आहे. तो कपाट खाली ठेवून ऐकता आला असता तर जास्त चांगला वाटला असता.

तोवर तळमजल्यावरचे भाई ताकाचा जग घेऊन आले, जिममध्ये जाणारा त्यांचा पुतण्या दंड दाखवत आला, सात नंबरच्या काकू "माझं काही नाही, मी नुसती खाली चाललेय" म्हणत आल्या आणि थांबल्या, आठ नंबरच्या आजींनी वरून "कोण गेलं रे?" म्हणून विचारलं. अकरा माणसं जमली. जिना साडेतीन फूट रुंद. माझा नवरा फ्रिज सरकवून जागा करायला वर गेला होता, तो वरच अडकला आणि कठड्यावरून वाकून "काही लागलं तर सांगा" असं दर दोन मिनिटांनी म्हणू लागला.

नानांनी टेप मागवली. टेप आली ती शिंप्याची. तिने लँडिंग मोजलं, बेचाळीस इंच. मग पाच नंबरमधला मुलगा पुढे झाला. पवईला आयआयटीत गणित शिकतो, सुट्टीला घरी आलेला. त्याने मोबाईलवर आकडे टाकले. "छत्तीस आणि एकोणीस म्हणजे कर्ण चाळीस पॉइंट सात. लँडिंग बेचाळीस. म्हणजे उभं ठेवून फिरवलं तर एक इंच शिल्लक राहतो. फिरायलाच पाहिजे."

"शाब्बास!" नाना म्हणाले. "फिरवा."

"ताई, पन तेवडी ती..." मामा म्हणाले.

"मामा, गणित झालंय," नाना म्हणाले.

आणि मग मदत सुरू झाली. दंडवाल्या पुतण्याने खालचा कोपरा धरला, भाईंनी वरचा, अण्णांनी आरसा फुटू नये म्हणून आरशावर दोन्ही पंजे ठेवले. नाना दोन पायऱ्या वर उभे राहून वाहतूक पोलिसासारखे हात करत होते. "डावीकडे!" सगळे आपापल्या डावीकडे गेले. समोरासमोर उभ्या माणसांच्या डाव्या बाजू वेगळ्या असतात, हे एका मोठ्या कर्रर्र आवाजानंतर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

कपाट अर्धं फिरलं आणि थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. एक कोपरा भिंतीच्या गिलाव्यात, दुसरा मागे कशात तरी.

"गणित चुकलं," नाना म्हणाले.

"गणित नाही चुकत," पाच नंबर म्हणाला, आणि खरं तर इथेच कुणीतरी त्याच्या हातात ताक द्यायला हवं होतं. "पण काका, हा प्रकार साधा नाही. लिओ मोझर नावाच्या गणितज्ञाने 1966 मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता. काटकोनात वळणाऱ्या बोळातून मोठ्यात मोठा केवढा सोफा नेता येईल? बोळ एक एकक रुंद धरला तर 1992 मध्ये गर्व्हर यांनी 2.2195 क्षेत्रफळाचा सोफा काढला. त्याहून मोठा नेताच येत नाही, याची सिद्धता एका कोरियन गणितज्ञाने थेट 2024 मध्ये मांडली. शंभरावर पानांची."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मामांच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"म्हणजे अठ्ठावन्न वर्षं लागली?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"आणि शेवटी सोफा गेला?"

"तो कागदावरचा होता."

मामांनी हळूच पट्टा सोडवला. "ताई, साडेतीनला मालाडची वर्दी हाय. मंगळवारी येतो." पैसे अर्धेच घेतले. बाकीचे, म्हणाले, कपाट वर गेल्यावर. जिना उतरता उतरता वळून हळू आवाजात म्हणाले, "दुपारचं येतो. दोन ते चार. मानसं झोपल्यावर."

तर रविवार दुपार ते मंगळवार दुपार, असे दोन दिवस आमच्या बिल्डिंगची फाळणी झाली. कपाट आणि कठडा यांच्या मध्ये जेमतेम फूटभर जागा. पोट आत घेऊन, आडवं होऊन, श्वास धरून माणूस जाऊ शके. पिशवी आधी पलीकडे द्यावी लागे आणि मग आपण. पलीकडे पिशवी घ्यायला कुणी नसेल तर हाक मारायची. वरच्या आठ बिऱ्हाडांनी माळ्यावरच्या दोऱ्या काढल्या आणि दूध, पाव, पेपर गॅलरीतून टोपलीने वर घेऊ लागली. आजी म्हणाल्या, गिरगावात आम्ही असंच करायचो. त्या खूश दिसल्या.

खरी गंमत आरशाची. कपाट तिरकं अडकलं होतं ते नेमकं आरसा खालच्या पायऱ्यांकडे करून. दहा-पंधरा वर्षं आम्ही हा जिना चढतोय, पण चढताना आपण कसे दिसतो ते कुणी पाहिलं नव्हतं. सहाव्या पायरीवर एक धापा टाकणारा, ओळखीचा, वैतागलेला मनुष्य समोरून येताना दिसे आणि आपण त्याला वाट द्यायला थांबत असू. अण्णांनी तर त्याला "या, या" म्हटल्याचं मी स्वतः ऐकलं. रात्री साडेदहाला जेवण पोचवायला आलेल्या पोऱ्याने किंचाळून बिर्याणी टाकली. दुसऱ्या दिवशी मात्र लोक सरावले. नाना तिथे उभं राहून भांग पाडू लागले. कॉलेजच्या मुली फोटो काढू लागल्या. सोसायटीच्या ग्रुपवर नानांचा मेसेज पडला, 'जिन्यात सामान ठेवू नये, आपत्कालीन मार्ग मोकळा ठेवावा, ही नम्र विनंती.' खाली मी सोडून सगळ्यांचे अंगठे.

सोमवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं. सात नंबरच्या काकू भाजी आणायला खाली गेलेल्या आणि त्यांचे सांडगे गच्चीवर. त्यांनी फटीकडे पाहिलं, फटीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी तो विचार सोडून दिला. "अहो जावईबापू!" त्यांनी खालूनच माझ्या नवऱ्याला साद घातली. (माझं माहेर आणि त्यांचं माहेर दोन्ही रत्नागिरीकडचं, म्हणून तो त्यांचा जावई. नात्याला एवढं पुरतं.) नवरा धावला. 'काही लागलं तर सांगा' असं दोन दिवस म्हणत होता, अखेर काहीतरी लागलं. त्याने थेंब पडायच्या आत गच्चीवरचं सगळं वाळवण एका चादरीत गोळा करून खाली आणलं. सगळं म्हणजे सगळं. काकूंचे कोहळ्याचे सांडगे आणि अकरा नंबरच्या वहिनींचे मुगाचे सांडगे, एकत्र. ते वेगळे करायला दोघी आमच्या हॉलमध्ये साडेनऊपर्यंत बसल्या होत्या. "हा माझा नव्हे, माझा असा बसका नसतो" हे वाक्य मी त्या रात्री स्वप्नातसुद्धा ऐकलं. पाऊस आलाच नाही, ते वेगळं.

मंगळवारी दोन वाजून वीस मिनिटांनी मामा आणि भाचा आले. चपला खालीच काढल्या. बिल्डिंग झोपली होती. नानांच्या दारातून घोरण्याचा आवाज येत होता, एका लयीत. मामा फटीतून पलीकडे गेले, वरच्या पायरीवरून वाकले, कपाटाच्या मागे हात घातला आणि एका हाताने एक सायकल उचलून वर काढली.

सायकल. नानांच्या मुलाची. मुलगा कॅनडाला जाऊन बारा वर्षं झाली, ती तेव्हापासून खिडकीखाली उभी आहे. दोन्ही टायर बसलेले, घंटीत कोळ्याचं जाळं, साखळीला कुलूप. आम्ही सगळे रोज तिला वळसा घालून जातो, इतका की ती आम्हाला दिसायचीच बंद झाली. रविवारी लँडिंग मोजलं तेव्हा टेप तिच्या मागच्या चाकाच्या आऱ्यांतून आरपार घातली होती. एक टोक पुतण्याने धरलं होतं, दुसरं मी. आणि ती साखळी मी आत्ता पहिल्यांदा नीट पाहिली. ती खिडकीच्या गजाला नव्हतीच. सायकल स्वतःच्याच चाकाला बांधलेली होती.

"रविवारीच सांगत हुतो," मामा म्हणाले. "तेवडी ती सायकल."

कपाट उभ्या उभ्या गर्रकन फिरलं. एक इंच शिल्लक ठेवून, अगदी पाच नंबरने सांगितल्याप्रमाणे. चार मिनिटांत घरात. मी उरलेले पैसे दिले, वर शंभर दिले, पन्हं दिलं. मग भाच्याने सायकल होती तिथे परत ठेवली. मी फरशीवरच्या दोन गोल काळ्या डागांवर तिची चाकं बरोबर बसताहेत ना, ते खाली वाकून पाहिलं.

चार वाजता नाना उठले. चार वाजून पाच मिनिटांनी आमची बेल वाजली. त्यांनी कपाटाभोवती एक प्रदक्षिणा घातली, तर्जनीने दार ठोकून पाहिलं.

"शेवटी मी म्हटलं तसंच गेलं ना? डावीकडून?"

"डावीकडूनच," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. दोन दिवस दार नुसतंच लोटलेलं होतं, कुलूप नव्हतं. खालच्या कप्प्यात एक छत्री, अण्णांचा चष्मा, अकरा नंबरचं लाइटबिल, मेथीची एक मान टाकलेली जुडी, आणि स्टीलच्या डब्यात चार थालीपीठं, वर चिठ्ठी: 'तिसरा मजला, जमेल तेव्हा न्यावीत.' ज्याला जे फटीतून पलीकडे नेता आलं नव्हतं, ते त्याने तिथे ठेवलं होतं. थालीपीठं सोमवारची होती, तरी खाल्ली.

बाकीचं दारोदार पोचवत आठ नंबरला गेले. मेथी आजींची होती. त्यांनी जुडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नेलंस होय गं कपाट?"

"हो आजी. वर चढलं एकदाचं."

"बरं होतं दोन दिवस." त्या दाराला टेकल्या. "चढता चढता आत पिशवी टेकवायची, आरशात पदर नीट करायचा, मग पुढचा जिना. आता टेकवायचं कुठे? त्या नानाच्या सायकलवर?"